तारुण्याची किंमत कोणी द्यावयाची?

समजा, दोन आयुष्ये आपणांपुढे ठेवली आणि त्यांतील एक निवडण्यास सांगितले. पहिले आयुष्य पन्नास वर्षांचे. परंतु अखेरच्या दिवसापर्यंत केस काळे, पाठ ताठ, दृष्टी तीक्ष्ण आणि जिना चढताना धाप नाही. दुसरे नव्वद वर्षांचे. पण त्यातील अखेरची पंचवीस-तीस वर्षे काठी, चष्मा, पथ्य आणि औषधाच्या बाटल्या यांच्या सोबतीने काढावयाची. आपण काय निवडाल?

विशीतील वाचक क्षणाचाही विलंब न लावता पहिले आयुष्य मागून घेईल. चाळिशीतील वाचक थोडा थांबेल. मुलांची शिक्षणे केव्हा पुरी होतील याचा हिशेब मनाशी करील आणि मग उत्तर देण्याचे टाळील. ऐंशी वर्षांच्या आजोबांना विचाराल, तर ते मांडीवरील नातवंडाकडे पाहून नुसते हसतील. प्रश्न एकच, परंतु उत्तर वयाबरोबर बदलत जाते. आणि येथेच ह्या सौद्यातील मेख आहे. सौदा ठरविणारा एक असतो आणि किंमत मोजणारा दुसराच असतो. पंचविशीतला मनुष्य मोठ्या उदारपणे जी वर्षे देऊन टाकतो, ती त्याची नसतात. ती पन्नाशीतल्या एका गृहस्थाची असतात, आणि त्याला कोणी विचारलेलेच नसते.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न कथांच्या रूपाने मांडून ठेवला आहे. मृकंडू ऋषींना शंकराने विचारले, की दीर्घायुषी पण मंदबुद्धी पुत्र हवा, की सद्गुणी पण केवळ सोळा वर्षे जगणारा? ऋषींनी दुसरा मागितला. तो मार्कंडेय. सोळावे वर्ष जवळ येऊ लागले तेव्हा मात्र आपण काय मागितले होते याचा अर्थ त्या मातापित्यांना कळून चुकला. ग्रीक पुराणातही अकिलीज ह्या वीरापुढे अल्प पण कीर्तिमान आयुष्य आणि दीर्घ पण अज्ञात आयुष्य असे दोन मार्ग होते. त्याच पुराणातील टिथोनस याच्यासाठी देवाकडून अमरत्व मागून घेण्यात आले; पण त्यासोबत तारुण्य मागण्याचे राहून गेले. तो मरेना आणि म्हातारा होण्याचेही थांबेना. मनुष्याला वर्षेही हवी असतात आणि वर्षांचा ताजेपणाही हवा असतो. दोन्ही एकाच वेळी हाती लागत नाहीत, तेव्हा देवघेवीची भाषा सुरू होते.

म्हैसूरकडे पाहताना

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास म्हैसूरसारखे दुसरे गाव सापडणे कठीण. राजवाडा, चामुंडीची टेकडी आणि दसऱ्याची मिरवणूक यांसाठी आपल्याकडील कुटुंबे तेथे जातात. परंतु देशोदेशींचे शेकडो तरुण-तरुणी दरवर्षी तेथे येऊन महिनोन्‌महिने राहतात, ती पहाटे उठून योगासने शिकण्यासाठी. शरीर लवचीक राहावे, यौवन टिकावे, ही त्यांतील अनेकांची इच्छा असते आणि ती लपविण्याचे कारण नाही.

ह्या परंपरेचा उगम राजवाड्याच्या आश्रयानेच झाला. महाराज चौथे कृष्णराज वाडियार यांच्या आश्रयाने तिरुमलै कृष्णम्माचार्य यांनी १९३३ साली जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालविण्यास आरंभ केला. त्यांचा योगावरील ‘योगमकरंद’ हा कन्नड ग्रंथ १९३४ साली म्हैसूर येथूनच प्रसिद्ध झाला. त्यांच्या शिष्यांपैकी के. पट्टाभि जोइस यांनी म्हैसूर येथेच राहून अध्यापन केले आणि ते २००९ साली त्र्याण्णव वर्षांचे होऊन वारले. युरोपातून आलेल्या इंद्रादेवी ह्या बाईंनी १९३० नंतरच्या दशकात म्हैसूरला येऊन ही विद्या घेतली. त्यांना एकशेदोन वर्षांचे आयुष्य लाभले. दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले ते कायमचेच. महाराष्ट्राने त्यांना आपले मानले आणि २०१४ साली पंचाण्णवाव्या वर्षी पुण्यातच त्यांनी देह ठेवला. स्वतः कृष्णम्माचार्य १८८८ साली जन्मले आणि १९८९ साली, शंभरी पूर्ण करून, निवर्तले.

हे आकडे वाचून कोणी लगेच असा निष्कर्ष काढील, की सौद्याचा प्रश्नच मिटला. आसने करावीत, म्हणजे यौवनही मिळते आणि शंभर वर्षेही मिळतात. पण इतकी घाई करू नये. ज्या महाराजांनी ह्या विद्येला आश्रय दिला, ते कृष्णराज वाडियार १९४० साली अवघ्या छप्पन्नाव्या वर्षी निवर्तले. कोणतीही एक विद्या आयुष्याचे हमीपत्र लिहून देत नाही. शिवाय अय्यंगारांचे बालपण आजारपणात गेले होते. हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी त्यांचे शरीर खंगले होते. तारुण्य टिकविण्यासाठी ते योगाकडे आले नव्हते, कारण टिकविण्याजोगे तारुण्य त्यांच्यापाशी नव्हतेच.

म्हैसूरच्या ह्या आचार्यांकडून घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. कृष्णम्माचार्य सर्वांना एकच आसनक्रम देत नसत. बालकाला व किशोराला उड्या, वेग आणि कष्ट. संसारी मनुष्याला आरोग्य व स्वास्थ्य राखणारा अभ्यास. वृद्धाला श्वास, चिंतन आणि शांती, अशी वयोमानानुसार विभागणी ते करीत. अय्यंगारांनी पुढे दोर, लाकडी ठोकळे, घडीची ब्लँकेटे आणि खुर्च्या यांचा आधार देऊन ताठरलेल्या व थकलेल्या शरीरांनाही आसने सुलभ करून दिली. विसाव्या वर्षीचे शरीर साठाव्या वर्षी हट्टाने मागावयाचे नाही. साठाव्या वर्षीच्या शरीराला त्याचे स्वतःचे सामर्थ्य मिळवून द्यावयाचे, असा हा विचार आहे. तारुण्य साठवून ठेवता येत नाही, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

निसर्गाचा हिशेब

पण निसर्ग खरोखरच असा काही सौदा करतो काय? करतो, असे शास्त्र सांगते. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ साली एक विचार मांडला. जे गुण तारुण्यात जोम, वाढ आणि संततीची क्षमता देतात, तेच पुढे उतारवयात अपाय करू शकतात. निसर्ग मात्र ते गुण टिकवून धरतो, कारण अपाय होईपर्यंत पुढची पिढी जन्माला येऊन गेलेली असते. आपले वार्धक्य हे अशा रीतीने आपल्या तारुण्याचे उशिरा आलेले देणे आहे.

ह्याची साक्ष प्रयोगशाळेतील उंदरांनी दिली आहे. ज्या खुज्या उंदरांच्या शरीरात वाढीचे संप्रेरक तयारच होत नाही, ते आपल्या भावंडांपेक्षा सुमारे दीडपट जगतात, असे १९९६ साली दिसून आले. उलट ज्यांच्या शरीरात हे संप्रेरक मुद्दाम अतोनात वाढविले, ते उंदीर धिप्पाड झाले खरे; पण लवकर म्हातारे होऊन लवकर मेले. आता ह्याच संप्रेरकाची माणसांतील कथा पाहा. १९९० साली अमेरिकेत साठीपलीकडील बारा पुरुषांना ते सहा महिने टोचण्यात आले. त्यांचे स्नायू वाढले, चरबी घटली, त्वचाही जाड झाली. बातमी जगभर गेली, आणि संशोधकांनी सावधगिरीचा इशारा दिला असतानाही ‘तारुण्याचे इंजेक्शन’ विकणाऱ्यांची दुकाने निघाली. पुढे सांधेदुखी, अंगावर सूज आणि रक्तातील साखरेचा बिघाड हे परिणाम दिसून आले. आरशात दिसणारे तारुण्य आणि आतले तारुण्य ही एक नव्हेत, हे बऱ्याच जणांना स्वतःच्या पदरचे पैसे मोजून कळले.

स्त्रियांच्या बाबतीतही असाच एक अध्याय घडला. ऋतुनिवृत्तीनंतर संप्रेरके घेत राहिल्यास स्त्री सदैव तरुण राहील, असा प्रचार अमेरिकेत १९६६ नंतर मोठ्या प्रमाणावर झाला. २००२ साली सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवरील एक मोठी पाहणी मध्येच थांबवावी लागली, कारण दोन संप्रेरके एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात यांचे प्रमाण अधिक आढळले. ऋतुनिवृत्तीच्या काळातील तीव्र त्रासासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले उपचार वेगळे. त्यांचा उपयोग आहे आणि ते घेण्यात कमीपणा नाही. येथे आक्षेप आहे तो ‘सदैव तरुण’ ह्या वचनावर.

आज आपल्या गावोगावच्या व्यायामशाळांत पिळदार दंड झटपट मिळावेत म्हणून कोवळी मुले कोणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉईडची इंजेक्शने घेतात, आणि हृदय व यकृत ह्यांवर त्यांचा भार टाकतात. गोऱ्या रंगाच्या मोहाने मुली स्टेरॉईडमिश्रित मलमे चेहऱ्यास लावतात आणि काही महिन्यांनी त्वचा पातळ होऊन लाल पडते. घरातील वडीलधाऱ्यांनी हे रागावून नव्हे, तर समजावून थांबविले पाहिजे. ह्या मुलांना कोणीतरी सांगावयास हवे, की ह्या दुकानात वर्षे मोजून घेतात आणि तारुण्य मात्र माप मारून देतात.

पन्नाशीनंतरचे १९१६

आता आरंभीच्या सौद्याकडे पुन्हा वळू. पन्नास वर्षे जोमाची आणि मग पडदा, ह्यात गेले ते काय? म्हातारपणच ना, असे कोणी म्हणेल. ह्यास उत्तर म्हणून एका वर्षाची गोष्ट पुरेशी आहे. ते वर्ष १९१६.

त्या वर्षी म्हैसूर विद्यापीठाची स्थापना झाली. तेव्हा संस्थानचे दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, आणि विद्यापीठामागे महाराजांच्या इच्छेबरोबर त्यांची चिकाटी उभी होती. त्याच वर्षी काशी येथे पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नांनी हिंदू विश्वविद्यालय उभे राहिले. त्याचे पहिले कुलपती होते म्हैसूरचे हेच महाराज. आणि त्याच वर्षी पुण्यात महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. विश्वेश्वरय्या आणि मालवीय दोघेही १८६१ साली जन्मलेले, कर्वे १८५८ सालचे. तिघांनीही पन्नाशी ओलांडली होती! पन्नास वर्षांच्या तजेलदार आयुष्याचा सौदा ह्या तिघांनी केला असता, तर त्या वर्षी तीन विद्यापीठांचे काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

विश्वेश्वरय्यांची ओळख मराठी वाचकांना करून देण्याची गरज नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते शिकले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत नाशिक व खानदेश भागात राबले, आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. म्हैसूरजवळील कृष्णराजसागर धरण ही त्यांची त्या नगरीतील खूण. १९१८ साली त्यांनी दिवाणपद सोडले. पद सुटले, पण काम सुटले नाही. नियोजित अर्थव्यवस्थेवरील त्यांचे पुस्तक १९३४ साली, म्हणजे सत्तरी उलटल्यावर, प्रसिद्ध झाले. कार्यजीवनाच्या आठवणी त्यांनी नव्वदीत लिहिल्या. नव्वदीनंतरही गंगेवरील मोकामा येथील पुलाची जागा ठरविण्याच्या कामी त्यांचा सल्ला घेण्यात आला. त्यांना १९५५ साली आणि कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले. आणि १९६२ ह्या एकाच वर्षी, पहिले शंभरी ओलांडून व दुसरे एकशेचार वर्षांचे होऊन, दोघेही गेले.

मालवीयांच्या चरित्रात एक प्रसंग आहे, तो ह्या संदर्भात आठवण्याजोगा आहे. १९३८ साली त्यांनी कायाकल्पाचा प्रयोग करून घेतला आणि त्याचा देशभर गाजावाजा झाला. वार्धक्य काही परतून गेले नाही; १९४६ साली वृद्धापकाळानेच त्यांचे जीवन संपले. त्यांचे विश्वविद्यालय मात्र आजही दरवर्षी नव्या तरुणांनी भरते. कोणता कायाकल्प यशस्वी झाला, हे सांगावयास नको.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्ञानेश्वर एकविसाव्या वर्षी समाधिस्थ झाले. म्हैसूरच्या दरबारात १८९२ साली पाहुणे म्हणून आलेले स्वामी विवेकानंद चाळिशीही गाठू शकले नाहीत. त्यांचे आयुष्य कोणी तोकडे म्हणेल काय? मुळीच नाही. पण ह्यांपैकी कोणीही तरुण दिसावे म्हणून वर्षे खर्ची घातली नव्हती. त्यांनी आपले सामर्थ्य दुसऱ्यांसाठी ओतले. आयुष्य लहान की मोठे हे त्यांच्या हाती नव्हते. ते कशावर वेचावे एवढेच हाती होते, आणि तेवढ्याचा त्यांनी पुरा उपयोग केला.

दुसऱ्याने भरलेले मोल

येथवर आपण असे मानून चाललो, की किंमत मोजणारा मनुष्य स्वतःच आहे. आज ना उद्या, पण स्वतःच. हे मात्र अर्धेच सत्य आहे. अकाली संपलेल्या आयुष्याचे देणे मागे राहिलेल्यांना फेडावे लागते.

म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वाडियार १८९४ साली कलकत्त्यास घटसर्पाने निधन पावले. तेव्हा त्यांचे वय होते एकतीस. त्यांनी आयुष्याचा कसलाही सौदा केला नव्हता. तो रोगाचा घाला होता. पण मागे काय राहिले, ते पाहा. युवराज कृष्णराज दहा वर्षांचे. आणि सारा भार येऊन पडला तो महाराणी केंपनंजम्मण्णी यांच्या शिरावर. त्या बाईंनी १९०२ सालापर्यंत राजप्रतिनिधी म्हणून संस्थानचा कारभार पाहिला. शिवनसमुद्र येथील कावेरीच्या धबधब्यावर वीज निर्माण करून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेण्याचे काम त्यांच्याच कारकीर्दीत तडीस गेले. इतिहास त्यांचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. तथापि प्रत्येक घरात दिवाण आणि खजिना नसतो. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरात कर्ता पुरुष चाळिशीत गेला, तर वीस वर्षांची मोठी मुलगी शिक्षण सोडून नोकरी धरते. तिचे तारुण्य त्या खात्यात जमा होते. म्हणून “मला जास्त जगावयाचे नाही, जोवर आहे तोवर मजेत राहीन” असे पानाच्या ठेल्यावर छाती फुगवून म्हणणाऱ्या गृहस्थाने एकदा घरी जाऊन, जेवणाच्या पंगतीत कोण कोण बसले आहे ते मोजावे.

ययातीची कथा आपण सारे जाणतो. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वृद्ध झालेल्या ह्या राजाने आपल्या पाच पुत्रांकडे त्यांचे तारुण्य मागितले. चौघांनी नकार दिला, धाकट्या पुरूने दिले. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली ह्या कथेवर कादंबरी लिहिली. तिला १९६० साली साहित्य अकादमीचा आणि १९७४ साली ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मराठी घराघरांत ती भोगलालसेची कथा म्हणून वाचली गेली. दोनच वर्षांनी, १९६१ साली, गिरीश कार्नाड ह्या तरुण लेखकाने त्याच कथेवर कन्नडमध्ये नाटक प्रसिद्ध केले आणि त्यात पुरूची पत्नी चित्रलेखा हिला उभे केले. एका रात्रीत आपला तरुण पती वृद्ध झालेला पाहून ती विष घेते, आणि तेव्हा कोठे ययातीचे डोळे उघडतात. पुराणकथेत पित्याने मागितले आणि पुत्राने दिले, एवढाच व्यवहार दिसतो. त्या व्यवहाराची झळ तिसऱ्याच कोणाला लागली, हे कार्नाडांनी दाखवून दिले.

तरुण राहण्याची इच्छा हा ययातीचा अपराध नव्हे. ती कोणाला नसते? ते तारुण्य त्याने दुसऱ्याच्या पदरातून घेतले, हा त्याचा अपराध. आणि असे ययाती आजही आहेत. संस्थेची खुर्ची, दुकानाची गल्ल्याची किल्ली किंवा शेताचा निर्णय अखेरच्या श्वासापर्यंत हातून न सोडणारा वडील मनुष्य मुलाचे तारुण्य वापरूनच स्वतः तरुण राहतो. मुलगा चाळिशीत येतो तरी त्याला विचारणारे कोणी नसते. शंभर वर्षे जगावे. परंतु मुलाला त्याच्या तिशीत तीस वर्षांचे राहू द्यावे.

पंगतीत शेवटी बसणारी

ह्या हिशेबातील सर्वांत मोठे देणे मात्र बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ते उघड करण्याचे श्रेयही म्हैसूरकडेच जाते. तेथील एका जुन्या मिशन इस्पितळात १९३४ पासून जन्मलेल्या बालकांची वजने व मापे आणि त्यांच्या मातांचीही वजने वह्यांत लिहून ठेवलेली होती. अनेक वर्षांनी संशोधकांनी त्या वह्या शोधून काढल्या आणि त्या बालकांना, जी आता प्रौढ झाली होती, पुन्हा गाठले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या पाहणीत ५१७ स्त्रीपुरुष होते. जन्मतः ज्यांचे वजन अडीच किलो किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण शेकडा ११ आढळले. ज्यांचे वजन ३.१ किलोहून अधिक होते, त्यांच्यात ते शेकडा ३ होते. आणि ज्यांचे जन्माचे वजनही कमी व गरोदरपणी आईचे वजनही ४५ किलोंहून कमी, अशांच्यात ते शेकडा २० पर्यंत चढले होते.

वाचकहो, ह्या आकड्यांवर क्षणभर थांबावे. जन्मतःचे कमी वजन हे हृदयविकाराचे एकमेव कारण नव्हे. पुढील आहार, श्रम, धूम्रपान, सारेच त्यात येते. तरी पण पन्नाशीतल्या मनुष्याच्या हृदयाचा हिशेब त्याच्या जन्मापूर्वीच सुरू झालेला असू शकतो, आणि तो त्याच्या आईच्या ताटात सुरू होतो, एवढे ह्यातून स्पष्ट दिसते. आपल्या कित्येक घरांत जी स्त्री सर्वांना वाढून शेवटी जेवते, तिच्या वाट्याला दूध सायीशिवाय आणि भाजी तळाची येते. ती तिशीतच चाळिशीची दिसू लागते. घरातील इतरांचे तारुण्य ती आपल्या तारुण्यातून पुरविते, आणि तिच्या पोटातील बाळ ते देणे पुढे पन्नास वर्षे फेडीत राहते. तारुण्य हवे की आयुष्य, असा प्रश्न तिला कधी कोणी विचारलेलाच नाही. तिची दोन्हीही न विचारता घेतली जातात.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय मनुष्याचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० वर्षांच्या आसपास आहे. ही वर्षे कोणा कायाकल्पाने वाढली नाहीत. लसी, स्वच्छ पाणी, हिवतापाचे नियंत्रण, सुरक्षित बाळंतपण आणि अन्न ह्यांनी ती वाढविली. मृकंडू ऋषींपुढे ठेवलेला पर्याय आज कोणत्याही मातापित्यांपुढे ठेवण्याचे कारण उरलेले नाही. गुणी मुलगा दीर्घायुषीही होऊ शकतो. मात्र त्याची तयारी त्याच्या आईपासून, किंबहुना आई होण्यापूर्वीच्या त्या मुलीपासून करावी लागते.

तेव्हा आयुष्य थोडे कमी करून तारुण्य टिकवावे काय, ह्या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की हा प्रश्नच आधी नीट विचारावयास हवा. त्याची किंमत कोण देणार? उद्याचा आपणच, की आपली पत्नी, की आपला मुलगा, की अजून न जन्मलेले बाळ? किंमत दुसऱ्याच्या पदरात पडणार असेल, तर ते तारुण्य कितीही गोजिरवाणे असो, ते पुरूकडून घेतलेले तारुण्य होय आणि एक दिवस ते परत करावे लागेल. स्वतःचे बळ मात्र जरूर खर्च करावे. ते राखून ठेवल्याने वाढत नाही. पाठ ताठ आहे तोवर ओझे उचलावे. ती वाकू लागेल तेव्हा उचलणाऱ्याला वाट दाखवावी.

आणि ह्याचा आरंभ करण्यासाठी म्हैसूरला जाण्याची गरज नाही. आज रात्री घरातील सर्वांची पाने एकदम मांडावीत, आणि जी नेहमी शेवटी बसते तिला आधी वाढावे.